पिवळ्या हातातला तुझा झटका

दादा,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय, आणि भांडणाआधी गोड बोलायची सवय आपल्या घरात कुणालाच नव्हती.

आज शुक्रवार. एमआयडीसीत लाइट नाही म्हणून कंपनीला सुट्टी. ओटीवर बसून लिहितेय. समोर सिद्धगडावर ढग अडकलाय, खाली खाचरात पाणी साचलंय. वहिनी धसईला गेलीय. जाताना माझ्याशी बोलली नाही, कारण काल मी तिच्या थोबाडीत मारली. तिनेही मला सोडलं नाही. माझ्या मानेवर तिची नखं उमटलीत, घाम आला की चुरचुरतात.

उद्या कंपनीत गेल्यावर मी एक काम करणार आहे. ते झालं की तुझं जे काही या जगात अजून हलतंय, तेही थांबेल. तुला न सांगता मला ते जमणार नाही, म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाहीये हं. तू जिवंत असतानाही कधी मागितली नाही, आता कशाला मागू?

तू मुरबाडला लेथवर लागलास, तेव्हा गावाला वाटलं होतं, काशिनाथचं भलं झालं. भात लावा, भात कापा, मग उन्हाळ्यात वीटभट्टीवर जा, यातून सुटला. लेथ म्हणजे बारमाही काम आणि डोक्यावर पत्रा. पण तुमच्या त्या शेडमध्ये रोज काय उडायचं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? एकदा लोखंड आवळून धरणाऱ्या फिरत्या चकातून चावी सुटली आणि तुझ्या शेजारच्याच्या गालात घुसली. लोखंडाची गरम कुरळी सालपटं तुझ्या शर्टात शिरून पाठीवर चिकटायची. आई खोबरेल लावायची आणि शेठला शिव्या द्यायची. तू पालथा पडून हसायचास.

आणि ती चिंधी. लेथ फिरत असतानाच चिंधीने जॉब, म्हणजे कातायचा लोखंडाचा तुकडा, पुसायची तुम्हा सगळ्यांना काय खोड होती रे? बंद करा, पुसा, पुन्हा चालू करा, एवढा धीर एकालाही नव्हता? चिंधी चकात गेली, आणि तिच्यामागे तुझी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. कापलं गेलं नाही, उपटलं गेलं. मी मुरबाडच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तू बाकावर बसून सांगत होतास, “मशीनच्या पान्यात शोधली बोटां. पानी गुलाबी झालेलं. एक गावलं, एक नाय.” सांगताना हसत होतास.

त्या दिवसापासून आई संध्याकाळी दारात आडवी उभी राहायला लागली. “हात दाव.” तू दोन्ही पंजे पुढे धरायचास. ती एकेक बोट चिमटीत धरून मोजायची आणि आठ भरली की बाजूला व्हायची. पाहुणे असले तरी, तापाने फणफणली असली तरी. तू चिडायचास. “आये, मी काय कोंबड्या हाय का मोजायला?” पण पंजे पुढे करायचासच.

पुढे माझं लग्न शहापूरला झालं. त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही, पत्र विटाळेल. पट्ट्याने मारायचा, बकल मोकळं सोडून. मी एका जीपवाल्याकडून निरोप धाडला आणि तू दुसऱ्याच दिवशी सरळगाव, किन्हवली करत जीपच्या टपावर बसून आलास. पिशवीत लेथवर गुळगुळीत केलेली सळई होती. भर बाजारात, कांद्याच्या ढिगाऱ्यांमध्ये, तू त्याला मारलंस. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला अजून येतो, आणि खरं सांगू? छान वाटतो. आठ बोटांनी एवढं मारता येतं, हे मला माहीत नव्हतं.

परतताना तू म्हणालास, “आता रडू नको गो. कंपुटर शिक.” मी म्हटलं, मला लेथवर लाव तुझ्याबरोबर. तू जीपच्या दांड्यावर मूठ आपटलीस. “लेथवर नाय. लेथ बोटां खातो. कंपुटरला बोटां लागतात, पन तो खात नाय.”

मुरबाडच्या क्लासात सोळा-सतरा वर्षांच्या पोरांमध्ये बसून शिकले. शेठने कॉम्प्युटरवर चालणारे दोन लेथ आणले तेव्हा तूच माझ्यासाठी शब्द टाकलास. शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली, त्यात माझं टेबल. लेथने किती कापायचं, कुठे थांबायचं, ते सगळं माझ्या टेबलावरून मशीनला जायचं. काचेतून तू दिसायचास. चहाच्या वेळी काचेवर टिचकी मारायचास.

मग तो आला. पिवळा हात.

परदेशातल्या कुठल्या बंद पडलेल्या कारखान्यातून शेठने जुना घेतलेला. लाकडी खोका फोडला तेव्हा सगळे गोल करून उभे होते. खांदा, कोपर, मनगट, सगळं माणसासारखं, फक्त माणसाच्या दुप्पट. टोकाला दोन बोटांचा चिमटा. दोन लेथच्या मध्ये तो बसवायचा. त्याने ट्रेमधून लोखंडाचा गोळा उचलायचा, लेथच्या चकात घालायचा, कातून झाला की काढून पलीकडे ठेवायचा. दिवसभर. न बोलता, न जेवता. जी कामं चौघं करत होती, ती.

चौघांना समजायला किती वेळ लागणार? शेठने विचारलं, याला शिकवील कोण, आणि तू हात वर केलास. तीन बोटांचाच, मुद्दाम. मला काचेआडून तुझा राग आला होता. आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देतोय, असं वाटलं. घरी येऊन मी तुला तसं बोललेही. तू भाकरी मोडत म्हणालास, “याला बोटां दोनच. गेली तं नवी बसवू. त्या चौघांना नवी कोन बसवनार हाय?”

कामावरून काढल्यावर त्या चौघांनी तुला मुरबाडच्या रस्त्यावर ओढ्याच्या पुलापाशी गाठलं. सायकलच्या चेनी होत्या. एक कान फाटला, दोन बरगड्या गेल्या, पाठीवर चेनीचे दात मोजून घ्यावेत असे उमटले. तू हात उचलला नाहीस म्हणे. त्यांच्यातलाच एकजण पुढे मला एसटी स्टँडवर भेटला, त्याने सांगितलं. मार खाताना तू एवढंच म्हणत होतास, “मारा. पन आदी बोटां मोजा तुमची. सगली हायेत ना? मारा मग.” सांगताना तो रडायला लागला. मी त्याला तिथेच सोडून जीपमध्ये बसले. माझ्यात तुझ्याएवढी माफी नाही.

बरगड्या बांधूनच तू हाताला शिकवायला उभा राहिलास. पुण्याहून आलेल्या इंजिनीअरने तारेचा रिमोट तुझ्या हातात दिला. एक बटण दाबलं की हात जरा हलायचा, थांबायचा, ती जागा लक्षात ठेवायची, पुढची जागा. तू त्याच्याशी बोलायचास. “ये. ये. खाली. आता धर. आवळू नको रे, लोखंड हाय, पळून नाय जात.” सगळी शेड हसायची. मी हसता हसता एकेक ओळ कॉम्प्युटरमध्ये साठवत होते.

तेव्हाच तू तुझा झटका त्यात घातलास. लेथवरचा प्रत्येक माणूस जॉब चकात घालण्याआधी झाडतो, चिकटलेला कचरा पडावा म्हणून. कुणी ठोकतो, कुणी फुंकतो. तू मनगट अर्धं वळवून खाली हिसका द्यायचास. घरी हात धुतल्यावरही तसाच द्यायचास, भिंतीवर पाणी उडायचं, वहिनी रोज ओरडायची. त्या चुलीशेजारच्या भिंतीवर अजून डाग आहेत. तो हिसका हाताला शिकवायला तुला दुपारभर लागला. शेवटी एकदा त्याने गोळा उचलला, मनगट वळवलं आणि हुबेहूब तुझ्यासारखं झटकलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी काचेवर टिचकी मारली.

आता भांडणाचं बोलू?

हाताभोवती जाळीचा पिंजरा होता. पिंजऱ्याचं दार उघडलं की हाताने जागीच थांबायचं, अशी सोय होती. दाराला पोलादाची एक पट्टी, तिला तुम्ही जीभ म्हणायचात. दार लावलं की ती जीभ चौकटीतल्या स्विचमध्ये शिरायची, दार उघडलं की बाहेर यायची, आणि हात थांबायचा. किती साधं होतं. पण जॉब ट्रेमध्ये जरा तिरका पडला की आत जावं लागायचं, हात थांबायचा, पुन्हा सुरू करेपर्यंत वेळ जायचा आणि शेठ घड्याळ बघायचा. एक दिवस तो तुझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “काशिनाथ, काहीतरी कर ना यार.”

आणि तू केलंस. तशीच एक खोटी जीभ ग्राइंडरवर घासून काढलीस. ती स्विचमध्ये खुपसली की दार उघडं असलं तरी हाताला वाटायचं, दार बंद आहे. एक तुटली तर म्हणून दुसरीही केलीस आणि ती करगोट्याला बांधून हिंडायचास, कमरेला. का रे? माणसांची बोटं वाचावीत म्हणून ज्याच्यासाठी मार खाल्लास, त्याचंच दार तू उघडं करून ठेवलंस? फिरता लेथ चिंधीने पुसणारा माणूस शेवटी तसाच राहिलास. त्याच वर्षी आई गेली होती. तू हसत म्हणाला होतास, आता मोजनारं कोन नाय. मला तेव्हाच तुझे पंजे धरून ठेवायला हवे होते का?

खंडेनवमीला कंपनीत सगळ्यांची घरची माणसं यायची. मशीनला झेंडूचे हार, हळद-कुंकू, नारळ, मग पेढे. त्या दिवशी पूजेआधी कुठलंच मशीन चालवायचं नाही, हे पोराटोरांनाही माहीत. म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही की एक मशीन चालू असेल. पण शेठला पाहुण्यांना गंमत दाखवायची होती. पूजा झाली की तो स्वतः ट्रेमध्ये जॉब ठेवणार, आणि हात उचलून दाखवणार. त्यासाठी हात तयार ठेवला होता, चालू, जॉबची वाट बघत. मला टेबलावरून उठवून चहाचे कप वाटायला लावलं होतं. दारात तुझी खोटी जीभ होतीच.

तू धुतलेला पांढरा शर्ट घालून आत गेलास. हाताची पूजा तूच करणार, असं तू सांगून ठेवलं होतंस. ताटात नारळ, कुंकू, निरांजन, आणि खांद्यावर हार. हार घालायला दोन्ही हात लागतात. डाव्या तीन बोटांवर ताट डुगडुगायला लागलं. तू इकडे तिकडे बघितलंस आणि ताट जवळच्या सपाट जागेवर ठेवलंस. ट्रेवर.

ट्रेच्या कडेला काचेचा लहानसा डोळा होता. त्याच्यासमोर काही आलं की हाताला कळायचं, जॉब आला. नारळ आला. हात निघाला.

तू पाठमोरा होतास, हार वर धरून. हात खाली झेपावला, चिमट्यात नारळ फुटला, पाणी उडालं, आणि दादा, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गंमत सुरू झाली. वहिनीनेही वाजवल्या. हाताने नारळाची कवटी धरून मनगट अर्धं वळवलं, तुझा झटका दिला, आणि लेथकडे वळला. मध्ये तू होतास. त्याने तुला लेथच्या दारावर दाबलं, मानेपासून छातीपर्यंत. मी कप टाकले, धावले, पिंजऱ्यावरचं लाल बटण दाबलं. हात थांबला. पण थांबला तिथेच थांबला. तुला सोडलं नाही. तसंच धरून ठेवलं.

पहारी घालून तिघांनी हात मागे रेटला. तुझ्या तोंडातून रक्त आलं, झेंडूवर पडलं, पेढ्यांवर पडलं. तू मला म्हणालास, “ताट.” एवढंच. ताट कशासाठी, दादा? उचल म्हणत होतास? की कळलं होतं तुला, काय झालं ते?

आणि तेव्हा मी पाटकरला बघितलं. तुमचा सुपरवायझर. तू अजून जमिनीवर धापा टाकत होतास, आणि तो स्विचमधून खोटी जीभ उपसून खिशात घालत होता. लेथवर चकची चावी पडली होती. मी ती उचलून त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. त्याचे पुढचे दात माझ्या चपलेखाली आले. मग त्याच्या खिशातून जीभ काढली आणि मुठीत धरून तुला कल्याणच्या इस्पितळात न्यायच्या जीपमध्ये बसले.

तू रायत्याच्या पुलाच्या अलीकडे गेलास. वहिनीच्या मांडीवर डोकं होतं. नदी लागली तेव्हा ती तुला सांगत होती, “आलं हो कल्याण, आलं.” तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण तुझी तीन बोटं माझ्या हातात होती आणि ती सैल झाली. इस्पितळात तुझा करगोटा कापून दिला. त्याला दुसरी जीभ होती.

पहिली मी तपासाला आलेल्या साहेबांसमोर टेबलावर आपटली. शेठ शांत होता. म्हणाला, ही काशिनाथनेच बनवली, त्यानेच लावली, तोच आत गेला. खोटं काय होतं त्यात? त्याने तुझ्या खांद्यावर टाकलेला हात तेवढा कुठे लिहिला गेला नाही. मी टेबल उलथवलं, दोघांनी मला धरून बाहेर काढलं. शेवटी शेठला दंड झाला, पाटकर सोडून गेला, वहिनीला तिथेच नोकरी मिळाली. मला शेठने काढलं नाही. कॉम्प्युटरचं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि मी बाहेर राहून काय बोलेन, याचीही त्याला भीती होती.

महिन्याभराने हात पुन्हा सुरू झाला. मी धसईच्या लोहाराकडून घण घेतला. नवा दांडा बसवून घेतला. पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर पिंजरा उघडला, हात थांबला. आधी मनगट फोडायचं, मग कोपर, मग खांदा, असं मी ठरवलं होतं. मग वाटलं, आधी चालताना बघते, राग चढला की फोडते. थांबलेल्याला काय मारायचं? बाहेर आले, दार लावलं, सुरू केला. त्याने गोळा उचलला, मनगट वळवलं आणि तुझा झटका दिला.

घण माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख काळं होऊन गळलं.

त्यानंतर मी डबा काचेत बसून, त्याच्याकडे बघत खायला लागले. वेड लागलं म्हण हवं तर. दर गोळ्याला एकदा तू असायचास. भिंतीवर पाणी उडवल्यासारखा. मी कुणाला सांगितलं नाही. वहिनीही तेच बघत होती, हे मला कालपर्यंत कळलं नव्हतं.

ट्रे भरायचं काम वहिनीला दिलंय. सध्या मोठी ऑर्डर आलीय. जॉब तिरका पडतो, ती दार उघडते, हात थांबतो, नवा सुपरवायझर बोंबलतो. तुझ्या वेळचंच सगळं. काल संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मंदाताय, ती दुसरी जीभ तुज्याकडंच हाय ना? दे माला.”

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. “काय देऊ?”

“टारगेट पुरं होत नाय गो. रोज बोलनी खाते. तो सुपरवायझर म्हनला, काशिनाथकडं अजून एक होती.”

“वहिनी, त्या जिभेनं दादा गेला.”

तिने परातीत हाताचं पीठ झटकलं. शांतपणे म्हणाली, “माला नाय तो कायच करनार. मी बगते ना रोज. जॉब घेतला का कसा झाडतो. ते हात धुवून झाडायचे तसाच. त्यात ते हायेत, मंदाताय. मी आत गेले तरी वळखंल माला.”

“त्याच हातानं त्याला मारलं!”

“तेवा ते पाठमोरे होते. वळखला नसंल त्यानं.”

म्हणून मी मारली तिला. थोबाडीत, सगळा जीव काढून. ती चुलीवर पडता पडता वाचली आणि उलटून माझ्या मानेला धरलं. आम्ही दोघी तुझ्या घरात, तुझ्या भिंतीशेजारी, कुत्र्यांसारख्या भांडलो. पीठ डोळ्यात गेलं, तवा उलथला, तिची पोळलेली बोटं अजून लाल आहेत. शेवटी ती खाली बसून रडायला लागली. “तुला रोज दिसतो काचेतून. माला जवळ जाऊन बगायचंय.” मग माझाही जीव राहिला नाही भांडायला.

दादा, मला तुझी फार आठवण येते. एवढं साधं लिहायला एवढा कागद लागला.

आज सकाळी वहिनी गेल्यावर मी खोटी जीभ करगोट्यातून सोडवली. माळ्यावरून तो घण काढला, जीभ पायरीच्या दगडावर ठेवली आणि तिचे तुकडे होईपर्यंत मारत राहिले. दगडाचा टवका उडाला. पोलाद चांगलं निवडलं होतंस रे, मेल्या, तुटता तुटेना. पण तिच्याने काय होणार? अशी पट्टी कोणीही अर्ध्या तासात घासून काढेल. सुपरवायझर नवी करून देईल आणि वहिनी हसत आत जाईल. तिला भीतीच नाही. ज्याला माणूस घाबरत नाही, त्याच्यापुढे दार असून नसल्यासारखं. आणि तिची भीती तुझ्या झटक्यानेच खाल्लीय.

म्हणून उद्या सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, मी तो झटकाच काढणार आहे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये दोन ओळी आहेत. एकीत मनगट अर्धं वळतं, दुसरीत खाली हिसका बसतो. तुला एक दुपार लागली होती, मला एक बोट लागेल. त्या जागी हवेची नळी बसवायची, फुंकर मारून कचरा उडेल. सकाळी शेठला फोनवर विचारलं, तो हो म्हणाला, त्याला काय? मग हात गोळा उचलेल, सरळ नेईल, चकात घालेल. कुणासारखा नाही. लोखंडासारखा.

त्या दोन ओळी कुठे उतरवूनही ठेवणार नाही. ठेवल्या तर एखाद्या दिवशी डबा खाताना मीच परत घालीन, मी मला ओळखते.

वहिनी काचेबाहेर उभी राहून बघेल. पहिला गोळा जाईल, दुसरा जाईल, आणि तिला कळेल. ती मला पुन्हा मारेल. तू आत्ता कुठे मेलास, असं तिला वाटेल, आणि मारणारी मी असेन. मला चालेल. रायत्याच्या पुलावर ती कल्याण आलं, कल्याण आलं करत होती, तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं ते उद्या सांगते. तो गेला, वहिनी. तो त्यात नाही. ते लोखंड तुला ओळखत नाही.

आणि तुला शब्द देते. उद्या संध्याकाळी जीपमधून मी तिच्या आधी उतरेन आणि आई उभी राहायची तिथे, दारात आडवी उभी राहीन. “हात दाव,” म्हणेन. बोलली नाही तरी चालेल, थुंकली तरी चालेल. पोळलेली बोटं जपून धरीन. पण दहा भरल्याशिवाय तिला आत सोडणार नाही. उद्या, परवा, ती कंपनीत जाईल तितके दिवस.

तुझी आठवर थांबली होती. तिची दहाच्या दहा घरी आणीन.

तुझीच भांडखोर,
मंदा